घाम न दिसणाऱ्या देशात

उष्ण आणि कोरड्या देशांत प्रकृती कशी सांभाळावी, हा आजचा विषय मी इजिप्तपुरता ठेवणार आहे. आपल्याकडून तिथे सहली जातात आणि त्यातल्या बऱ्याच मे महिन्यात जातात. कारण उघड आहे, मुलांच्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते. पण त्याच दिवसांत दक्षिण इजिप्तमधल्या लक्झर आणि अस्वानचा पारा ४० अंशांच्या आसपास असतो, कधी बराच वरही जातो. अस्वानमध्ये तर वर्षं उलटतात, पण पावसाचा थेंब पडत नाही.

मुंबई-कोकणातला माणूस उकाडा मोजतो तो घामावरून. सदरा पाठीला चिकटला, गळ्याशी चिकचिक झाली की तो पंखा शोधतो, पाणी मागतो. लक्झरला यातलं काहीच होत नाही. कातडी कोरडी, कपडे कोरडे. “ऊन आहे, पण आपल्यासारखं घामट नाही,” असं म्हणत मंडळी आनंदाने हिंडतात. प्रत्यक्षात घाम येतच असतो, फक्त तो फुटताक्षणी उडून जातो. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. लिटरभर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. म्हणजे कोरडी हवा आपल्याला थंड ठेवते खरी, पण त्याची किंमत पाण्यात आणि मिठात वसूल करते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. डोक्याला पंचा गुंडाळल्याशिवाय तिकडे कुणी दुपारी घराबाहेर पडत नाही.

तेव्हा तहानेची वाट पाहू नका. वय वाढतं तशी तहान मंदावते, आणि सहलीत साठीच्या पुढचे लोकही असतात. लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला तर पाणी कमी पडतंय.

आणि इथे मला भगिनींशी स्पष्ट बोलायचं आहे. अस्वानहून अबू सिंबेलची मंदिरं पाहायला बस पहाटे अंधारात निघते. जवळजवळ २८० किलोमीटरचा वाळवंटी रस्ता, मधे थांबे मोजके, स्वच्छतागृहांचा भरवसा नाही. मग बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी पिणं बंद करतात. पुरुष असं करत नाहीत, त्यांना करावं लागत नाही. यातलीच एखादी बाई पुढे दहा वाजता मंदिरासमोरच्या उन्हात चक्कर येऊन बसते, किंवा परतल्यावर तिला उन्हाळी लागते आणि लघवीचा संसर्ग होतो. हा दोष तिचा मुळीच नाही. प्रवासाची आखणी करणाऱ्यांनी स्वच्छतागृहाचे थांबे आधी ठरवून कार्यक्रमपत्रिकेत छापले पाहिजेत. तुम्ही पैसे भरण्याआधी हा प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

नुसतं पाणी ढोसणंही बरं नव्हे. घामातून मीठ जातं. त्यावर पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. जेवण नीट करा आणि बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच मीठ-साखर-पाण्याने कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. पुढे १९८०च्या दशकात इजिप्तने घरोघरी त्याचा प्रसार केला आणि अतिसाराने होणारे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. तिथे पोट बिघडलं तर पहिला आधार हाच. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. इन्सुलिन तापणाऱ्या बसमध्ये ठेवून उतरू नये.

कपड्यांच्या बाबतीत तिथल्या शेतकऱ्याकडे पाहा. त्याचा गलाबिया पायघोळ, सैल, पूर्ण बाह्यांचा असतो. आत हवा खेळते, बाहेरून ऊन लागत नाही. आपली तरुण मंडळी अर्ध्या चड्डीत फिरतात आणि संध्याकाळी होरपळलेली कातडी घेऊन बसतात. नाकात रात्री थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, नाहीतर कोरड्या हवेने घोळणा फुटतो. लक्झरजवळच्या राजांच्या दरीतली थडगी सकाळी सहाला उघडतात, तेव्हाच जा. दुपार खोलीत काढा.

उष्माघात ओळखायचा तो वागण्यावरून. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलेलं असलं, तर घाम आहे की नाही हे पाहत बसू नका. सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाला. कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला लागू पडतो. तापाच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने अंग निववायचं, त्याच वेळी दुसऱ्याने १२३ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

आता नाईल. एवढं ऊन सोसल्यावर होडीतून पाय पाण्यात सोडावेसे वाटणारच. सोडू नका. तिथल्या गोगलगायींतून निघणाऱ्या कृमींच्या अळ्या काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ साली कैरोत हा कृमी शोधला. त्याच्यामुळे होणारा बिलहार्झिया हा रोग इजिप्तने आज बराच आटोक्यात आणला आहे, पण पुरता संपलेला नाही. पाय बुडवलेच असतील आणि परतल्यावर काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, तर डॉक्टरांना नाईलचं नाव आवर्जून सांगा. आपल्याकडे हा रोग सहसा दिसत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय तो त्यांच्या मनात येणार नाही. निदान झालं तर प्राझिक्वांटेल हे औषध आहे. ते कधी आणि किती द्यायचं हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.