लॉगिनची नोंद: कुणाला, किती दाखवायची?
आमच्या मराठी शाळेच्या समन्वयक ताई दर शनिवारी मला विचारायच्या, "दादा, या आठवड्यात कोणकोणत्या मुलांनी लॉगिन केलं?" कंटाळून एकदा मी त्यांना डेटाबेसचा माझाच पासवर्ड दिला. चुकून एक बटण दाबलं गेलं आणि अख्ख्या वर्गाच्या नोंदी पुसल्या गेल्या. बॅकअप होता म्हणून वाचलो. चूक ताईंची नव्हती, माझी होती.

तुमच्याही मंडळात असं चालत असेल तर तीन गोष्टी करा. एक, डेटाबेसमध्ये 'व्ह्यू' बनवा. त्यात फक्त नाव, वर्ग आणि शेवटच्या लॉगिनची तारीख. ईमेल, आयपी पत्ता नको. इथे ब्रिटनमध्ये तोही वैयक्तिक माहितीत धरला जाऊ शकतो. दोन, फक्त वाचण्यापुरतं वेगळं खातं काढा; त्याला तेवढा व्ह्यूच दिसू दे. तीन, ते एक्सेलला जोडून द्या. 'रिफ्रेश' दाबलं की यादी ताजी!

आणि यादी वाचताना जपून. एकदा शिरून लॉगआउट न केलेल्या मुलाची नवी नोंद होतच नाही. भावंडं तर एकाच खात्यातून अभ्यास करतात. तेव्हा मुलाला आळशी ठरवण्याआधी घरी एक फोन करा.