सागरपुत्रांना हवा शासकीय खरेदीचा आधार

(सहकार क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



सागरी अर्थकारणाची चर्चा आपल्याकडे बहुधा निर्यातीच्या आकड्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आकडे निश्चितच मोठे आहेत. 2024-25 या वर्षात भारताने सुमारे 17 लाख टन सागरी उत्पादने निर्यात केली आणि त्यांचे मूल्य 62 हजार कोटी रुपयांहून अधिक होते. परंतु या मूल्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता आणि तिचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा आंध्रातील कोळंबी उत्पादकाची झोप उडाली. शुल्क आज चढते, उद्या उतरते. पण ज्याचे भवितव्य परक्याच्या मर्जीवर टांगलेले आहे, त्याला समर्थ कसे म्हणावे?

खुल्या व्यापाराचे धडे जगाला देणारे देश आपल्या मच्छीमारांसाठी काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकी सैन्यासाठी घेतली जाणारी मासळी स्वदेशीच असली पाहिजे, हे बंधन 1941 पासून चालत आलेल्या तरतुदीत समाविष्ट आहे. समुद्रातील मासळी असेल, तर ती अमेरिकेचा ध्वज लावलेल्या नौकेने पकडलेली हवी. शालेय भोजनासाठी शक्य तेथे स्वदेशी अन्नपदार्थच घ्यावेत, असा नियम 1998 साली झाला. त्याला अपवाद आहेत, पण नियमाची दिशा स्पष्ट आहे. 1954 च्या एका कायद्यान्वये तर मासळीवरील आयातशुल्काच्या उत्पन्नातील 30 टक्के रक्कम स्वदेशी मत्स्यव्यवसायाच्या विकासाच्या नावे वर्ग होते.

याहून बोलके उदाहरण कोळंबीचेच आहे. अँटी-डम्पिंग शुल्कातून गोळा झालेला पैसा तक्रारदार अमेरिकी उत्पादकांमध्येच वाटावा, असा कायदा तेथे 2000 साली झाला. भारतासह अनेक देशांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. 2003 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी कायदा रद्द व्हायला 2006 उजाडले. दरम्यान 2005 साली भारतीय कोळंबीवर हे शुल्क लागलेही होते. म्हणजे आपल्या मालावर कर बसवायचा आणि तो आपल्याच स्पर्धकाच्या खिशात घालायचा!

विपणनाचेही तसेच. अलास्का राज्याने 1981 साली शासन आणि उद्योग यांच्या भागीदारीतून आपल्या मासळीच्या प्रचारासाठी संस्था स्थापन केली. ज्या 1991 साली दत्तोपंत ठेंगडी यांच्या पुढाकाराने आपल्याकडे स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, त्याच वर्षी नॉर्वेने निर्यातदारांकडून उपकर घेऊन सागरी खाद्याच्या प्रचाराची स्वतंत्र यंत्रणा उभारली. एकेका कंपनीची जाहिरात न करता संपूर्ण देशाच्या मासळीची जाहिरात करायची, हे त्यामागचे सूत्र.

आपल्याकडे असे काही घडलेच नाही, असे नाही. 1972 च्या कायद्याने सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याचे मुख्यालय कोचीला आहे. परंतु नावाप्रमाणेच त्याचा रोख निर्यातीवर राहिला. 2006 साली राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ स्थापन झाले, 2019 साली केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालय आले आणि 2020 साली मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि वर्सोव्याचा बोंबील किंवा रत्नागिरीचा बांगडा नागपूरच्या ग्राहकापर्यंत नावानिशी पोहोचवील, अशी सशक्त स्वदेशी विपणनव्यवस्था अद्याप उभी राहायची आहे. अंडी उत्पादकांनी 1982 साली समन्वय समिती स्थापून देशभर अंड्याचा प्रचार केला. ते पुण्या-हैदराबादच्या मंडळींना साधले, तर कोकणाला का साधू नये?

आता शासकीय खरेदीकडे वळू. पोलिसांची भोजनगृहे, प्रशिक्षण केंद्रे, जेथे मांसाहार दिला जातो अशी वसतिगृहे, येथे मासळी लागते. पण निविदेतील वार्षिक उलाढालीची अट आणि अनामत रक्कम पाहूनच गावची मच्छीमार सोसायटी मागे फिरते. कंत्राट मोठ्या पुरवठादाराला जाते आणि तो माल दलालाकडून उचलतो. सर्वांत कमी दर हाच निकष असल्यावर ताजेपणा कोण पाहणार?

शिवाय मासळी नाशवंत. नौका डिझेल आणि बर्फ भरून निघते, ती बहुधा दलालाच्या उचलीवर. म्हणजे जाळ्यात येण्याआधीच मासळी गहाण पडलेली असते. शासनाचे देयक महिनोन्महिने अडकणार असेल, तर मच्छीमार पुन्हा दलालाच्याच दारी जाईल. म्हणून राखीव वाट्याइतकीच वेळेवर पैसे मिळण्याची हमी महत्त्वाची आहे.

यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधायला नको. केंद्राच्या वित्तीय नियमांत खादीची खरेदी राखीव आहे. लघुउद्योगांकडून 25 टक्के खरेदीचे धोरण असून त्यात 3 टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे. सुकी मासळी वा मासळीचे लोणचे करणाऱ्या भगिनींचा उद्योग या चौकटीत बसू शकतो. मच्छीमार सहकारी संस्थांनाही असेच स्थान मिळावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे शाकाहारी आहेत आणि त्यांच्या आचाराचा सन्मान राहिलाच पाहिजे. कोणाच्या ताटात काय असावे, हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न त्या समाजाचा आहे, ज्याच्या बळावर शिवरायांचे आणि कान्होजी आंग्रे यांचे आरमार उभे राहिले. दीनदयाळजींच्या अंत्योदयाच्या विचारात किनाऱ्यावरच्या या बांधवाला वगळता येणार नाही.

केवळ निवेदने देऊन मात्र हे साधणार नाही. प्रत्येक किनारी तालुक्यात दोन कार्यकर्त्यांनी एका सोसायटीची जबाबदारी घ्यावी. तिचे लेखापरीक्षण वेळेवर व्हावे, शासकीय ई-बाजारावर कोणती नोंदणी शक्य आहे ते पाहावे, निविदा कशी भरतात हे तरुणांना शिकवावे. बर्फ, स्वच्छता आणि वजन यांत खोट नसावी. राखीव वाटा हे निकृष्ट मालाचे कवच होऊ नये. मासळी घेणाऱ्या कुटुंबांनी शक्यतो सोसायटीकडून किंवा कोळी भगिनींकडून घ्यावी आणि 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी पाळणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण करणाऱ्या या बांधवाला कष्टाचा रास्त दाम मिळावा, इतके काम आपण निश्चित करू शकतो.