नंबर काढायला जाण्याआधी : नानांच्या चष्म्याची गोष्ट

मी मूळचा पिंपळनेरचा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. बी.टेक. केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणजे मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आज बोलतोय ते एका पेशंटचा मुलगा म्हणून.

माझे वडील, नाना, कांदा करतात. दोन वर्षांपूर्वी ते म्हणायला लागले, चष्म्यातून बरोबर दिसत नाही, संध्याकाळी तर फारच अंधुक. मी काय केलं? त्यांच्या जुन्या कागदावरचा नंबर टाकून ऑनलाइन चष्मा मागवला आणि थेट घरी पाठवला. आमच्या कामाच्या भाषेत, तिकीट क्लोज.

सहा महिन्यांनी परत तीच तक्रार. मग एका दुकानात नंबर काढून नव्या काचा टाकल्या. तरी मोटारसायकलवर असताना बाजूने येणारा बैल त्यांना एकदम पुढ्यात आल्यासारखा वाटायचा. एकदा गाडी कडेच्या चारीत गेली. आम्ही हसून म्हणालो, नाना, आता वय झालं.

शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्ट ताईंकडे नेलं. नानांनी चष्मा लावून तक्ता जवळजवळ पूर्ण वाचला. मला वाटलं, संपलं. पण ताईंनी विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का?" नाना म्हणाले, "नही." ताईंनी डोळ्याचं प्रेशर मोजलं आणि म्हणाल्या, हे काम चष्म्याचं नाही, धुळ्याला नेत्रतज्ज्ञांकडे जा. तिथे कळलं, काचबिंदूच. एका डोळ्याची बाजूची बरीच नजर गेलेली. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी जपायची.

घरी आल्यावर आजी नानांना शांतपणे म्हणाली, "तुना बापना डोया बी असाच गयात." आम्ही सगळे आयुष्यभर समजत होतो की आबांना मोतीबिंदू होता.

तर पहिली गोष्ट हीच. जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाची नजर गेली होती, कशाने गेली होती. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपला धोका वाढतो. आणि तो आधी बाजूची नजर खातो, समोरची बऱ्याचदा शेवटपर्यंत राहते. म्हणून तक्ता वाचता आला म्हणजे डोळा चांगला, असं नाही.

दुसरी गोष्ट, कोण काय करतं. ऑप्टिशियन काच आणि फ्रेम बसवून देतात. ऑप्टोमेट्रिस्टचा पदवी अभ्यासक्रम असतो. ते नंबर काढतात, डोळे तपासतात, शंका आली तर पुढे पाठवतात. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे डोळ्यांचं शिकलेले डॉक्टर. औषध आणि ऑपरेशन त्यांच्याकडे. दुकानात गेलात तर बिनधास्त विचारा, तपासणार कोण आणि त्यांचं शिक्षण काय. डोळा लाल होऊन दुखतोय, अचानक पडदा आल्यासारखं वाटतंय, विजा चमकल्यासारख्या दिसतायत, तर नंबर काढत बसू नका. थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.

तिसरी, सोबत काय न्यायचं. सध्याचा चष्मा, जुना कागद आणि चालू गोळ्या-थेंबांची नावं. स्टेरॉइड घेत असाल तर नक्की सांगा, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढायची ते फोन करून विचारा. आणि शुगर! शुगर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो. आधी शुगर आटोक्यात आणा, मग चष्म्यावर पैसे घाला. शिवाय शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचाच, दिसायला काही त्रास नसला तरी.

चौथी, सोबत माणूस न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि उजेड डोळ्यांत खुपतो. तसंच मोटारसायकल काढून साक्रीच्या रस्त्याला लागू नका.

पाचवी, तपासताना. मशीनवर हनुवटी ठेवल्यावर आत रस्ता आणि फुगा दिसतो ना, तो नंबर फक्त सुरुवात असते. खरा नंबर तुमच्या उत्तरांवर ठरतो. ही परीक्षा नाही, तक्ता पाठ करू नका. "हे बरं की ते बरं?" यावर "दोन्ही सारखंच" हेही बरोबर उत्तर आहे. आपलं काम काय ते सांगा. कांद्याचा हिशेब लिहिणाऱ्याला आणि दिवसभर लॅपटॉप बघणाऱ्याला वेगवेगळ्या अंतरावर दिसायला हवं असतं.

शेवटची गोष्ट, नंबरचा कागद मागून घ्या. त्यावर दोन बाहुल्यांमधलं अंतरही लिहून घ्या, ते चुकलं तर नंबर बरोबर असूनही डोळ्यांवर ताण येतो. आणि नवा चष्मा लावूनही दिसत नसेल तर तिसरा चष्मा करू नका. का दिसत नाही, ते विचारा. मी विचारलं नाही, आमची दोन वर्षं गेली.

नाना आता रोज रात्री थेंब घालतात. मोबाइलवर अलार्म मी लावून दिलाय. अंधार पडल्यावर गाडी काढत नाहीत. मीही माझे डोळे तपासून घेतले, आणि त्या प्रश्नावर "हो" म्हणालो.

चला, थांबतो. आज घरी फोन कराल तेव्हा एवढं विचाराच. भेटू पुढच्या भागात.