उन्हाचा जमाखर्च
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचे आकडे सादर करतो आणि खाली बसतो. या वर्षी अध्यक्ष महोदयांनी आज्ञा केली की, आकडे अहवालात छापले आहेतच. गोव्याच्या स्पर्धेविषयी चार शब्द सांगावेत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खेळाविषयी अथवा शरीरशास्त्राविषयी अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. तथापि या स्पर्धेचा संबंध आपल्या रुग्णालयाच्या कारभाराशी अनपेक्षितपणे येऊन पोहोचला, म्हणून हे निवेदन करीत आहोत.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार खंड न पाडता एकापाठोपाठ पूर्ण करणे. दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेचा उगम १९७८ साली हवाई बेटांवर झाला. जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी स्पर्धा ओआहू बेटावर भरली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पूर्ण केली. १९८१ पासून ती कोना येथे भरू लागली. तेथील मार्ग काळ्या लाव्हाच्या पठारावरून जातो. वरून ऊन आणि खालून तापलेला खडक, अशा भट्टीतून स्पर्धकास जावे लागते. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या अलीकडे कोसळली. ती उठली, पुन्हा पडली, आणि अखेर रांगत रांगत रेषेपर्यंत पोहोचली. पहिला क्रमांक अवघ्या २९ सेकंदांनी हुकला. दूरचित्रवाणीवरील त्या दृश्याने हा खेळ जगभर पोहोचविला.

ते दृश्य आम्हीही पाहिले आणि भारावून गेलो. पुढे जे घडले त्यात या भारावण्याचा मोठा वाटा आहे, म्हणून त्याचा उल्लेख केला.

गोव्यात २०१९ पासून मिरामार किनाऱ्यावर याच स्पर्धेचे निम्म्या पल्ल्याचे रूप भरू लागले. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. एकूण ११३ किलोमीटर, आणि मुदत साडेआठ तासांची. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्या माणसाला एवढे पुरेसे होते. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी आम्ही त्यात प्रथम भाग घेतला.

त्या वर्षी परत आल्यावर आपण सर्वांनी आस्थेने विचारपूस केली होती. पायात गोळा आल्यामुळे धावणे सोडावे लागले, असे आम्ही सांगितले. ते खरे नव्हते. आज आपल्या सर्वांसमक्ष ते दुरुस्त करतो.

घडले ते असे. ऑक्टोबरचे ऊन बाधू नये या भीतीने आम्ही प्रत्येक पाणपोईवर थांबून साधे पाणी प्यायलो. तहान लागलेली नसतानाही प्यायलो. सायकल संपेपर्यंत किती बाटल्या रिचविल्या याची मोजदाद राहिली नाही. धावताना नवव्या किलोमीटरच्या सुमारास डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली. पाणी कमी पडत असावे असे समजून आणखी दोन पेले घेतले आणि ओकारी झाली. मनात ज्युली मॉसचे चित्र होते. पडलो तरी पुढे जायचे, असा निश्चय चालला होता. तेवढ्यात वैद्यकीय तंबूतील एक तरुण डॉक्टर मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "काका, बोटातली अंगठी निघते का बघा." अंगठी हलेना. बोटे सुजली होती. तिने दोनच प्रश्न विचारले : पाणी किती झाले आणि मीठ किती झाले? दुसऱ्याचे उत्तर शून्य होते. आम्ही सलाईन लावण्याचा आग्रह धरला. तिने ठाम नकार दिला आणि पाण्याचा पेलाही काढून घेतला. जवळच्या रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा सोडियम १२९ भरले. ते १३५ च्या खाली जाऊ नये, हे येथील परिचारिका भगिनींना आम्ही सांगावयास नको.

आयुष्यभर ताळेबंद जुळविणारा माणूस स्वतःच्या शरीराच्या ताळेबंदात एकाच बाजूला नोंदी करीत राहिला होता. त्याची लाज वाटली, म्हणून गोळ्याचे निमित्त पुढे केले.

त्यानंतर आपल्या डॉक्टर मंडळींकडून आम्ही हा विषय समजून घेतला. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीस लागतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम हा होय. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. परंतु तो सुकला तर! किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. म्हणजे पाणी आणि मीठ खर्ची पडते. गारवा मात्र जमा होत नाही. पाणी कमी पडले तर धोका असतोच. परंतु घामावाटे गेलेल्या मिठाची भरपाई न करता नुसते पाणी भरत राहिल्यास रक्त पातळ होते, मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यांपैकी तेरा टक्क्यांचे सोडियम कमी आढळले. दोन्ही प्रकारांत डोके दुखते, ओकारी होते, माणूस बरळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि उपाय मात्र भिन्न असतात.

आता रुग्णालयाकडे वळतो. मे २०२४ मधील एका दुपारी आपल्या प्रवेशद्वारावरील रखवालदार मामा एका रिक्षाचालकाच्या अंगावर धावून गेले. वीस वर्षांत ज्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, ते तोल जात असताना शिव्या देत होते. जमलेले लोक म्हणाले, घेऊन आलेले दिसतात. सांगण्यास संकोच वाटतो, पण खिडकीतून पाहताना क्षणभर आमच्याही मनात तेच आले. नंतर डॉक्टरांचे शब्द आठवले : उन्हात राबणारा माणूस अचानक विचित्र वागू लागला तर आधी उष्माघात समजावा. आम्ही जिना उतरेपर्यंत मामा खाली कोसळले होते.

कॅज्युअल्टीतील निवासी डॉक्टरांनी ताप पाहिला, तो ४०.८ अंश सेल्सियस होता. त्यांनी मामांना आत हलविण्यात वेळ घालविला नाही. पोर्चमध्येच गणवेश उतरवून बागेच्या नळीने पाणी सोडले, समोरच्या रसवंतीवरून बर्फाची लादी आणविली, मावशींनी ओल्या चादरी पालटल्या आणि दोन वॉर्डबॉय सतत वारा घालीत राहिले. आधी शरीर थंड करावे, मग हलवावे, हा उष्माघाताचा नियम आहे. पहिल्या अर्ध्या तासावर जीव अवलंबून असतो. मामा वाचले. पाच दिवसांनी घरी गेले आणि दीड महिन्याने कामावर रुजू झाले.

त्या सायंकाळी आम्ही कामाचा तक्ता काढून पाहिला. सकाळी आठ ते रात्री आठ, जाड गणवेश, पत्र्याची चौकी आणि पाण्याची एक बाटली. तक्त्याखाली सही आमची होती. त्याच काळात आम्ही रोज पहाटे सरावास जात होतो. सायकलला दोन बाटल्या, खिशात मिठाच्या गोळ्या आणि तासागणिक घामाची वही. स्वतःच्या छंदासाठी जो हिशेब आम्ही थेंबाथेंबाने ठेवीत होतो, तो आमच्याच सहीखाली उन्हात उभ्या असलेल्या माणसासाठी कधी मांडला नव्हता. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील कार्यक्रमात उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला, ही बातमी आम्ही वाचली होती आणि हळहळलोही होतो. पण आपल्याच फाटकाकडे आमचे लक्ष गेले नाही.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने जून २०२४ पासून उन्हातील प्रत्येक कामाची पाळी दोन तासांनी बदलते. चौकीवर छप्पर घातले आहे, सुती गणवेश दिले आहेत. ओआरएसचे मिश्रण एक पाकीट एक लिटर पाण्यात, याच प्रमाणात तयार ठेवले जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या साखर-मिठाच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले, तेच हे साधे औषध. नव्याने रुजू होणाऱ्यास अथवा रजेवरून परतणाऱ्यास पहिले दोन आठवडे भर दुपारची पूर्ण पाळी दिली जात नाही. कारण शरीर उन्हाला सरावण्यास दहा ते चौदा दिवस घेते. कॅज्युअल्टीच्या दाराशी एक मोठा टब आणि शीतपेटीत बर्फ कायम असतो. या सर्वांचा खर्च जमाखर्चात स्वतंत्र रकाना मागण्याइतकाही झाला नाही.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, आम्ही पुन्हा मिरामारच्या वाळूत उभे राहिलो. या वेळी तयारी निराळी होती. तासाभराच्या सरावापूर्वी आणि नंतर वजन करून घाम किती जातो ते काढले होते. त्या मापाच्या आतच पाणी घ्यायचे, त्यात मीठ असायचे आणि तहान नसेल तर पाणपोई ओलांडून जायचे, असे ठरविले. त्याआधीचे दोन आठवडे रोज दुपारी सावकाश चालून-धावून शरीराला उन्हाची सवय करून दिली.

पोहण्यास ५८ मिनिटे लागली. सायकलला ३ तास ५८ मिनिटे. धावणे सुरू झाले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि वारा पडला होता. टोपीत बर्फ घातला, मानेवर पाणी ओतले, चढ आला की निमूटपणे चाललो. तरुण मुले भराभर पुढे जात होती. नवव्या किलोमीटरला आम्ही थांबलो आणि अंगठी फिरवून पाहिली. ती सहज फिरली. सतराव्या किलोमीटरला पावले अडखळू लागली, तेव्हा स्वतःलाच रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक विचारला. तो बिनचूक आठवला, म्हणून पुढे निघालो. आठवला नसता तर तेथेच बसण्याचे ठरलेले होते. त्या वेळी रांगत जाण्याची हौस मनात उरली नव्हती. ८ तास ११ मिनिटांनी रेषा ओलांडली. मुदतीला १९ मिनिटे शिल्लक होती आणि आमच्या मागे फार थोडे स्पर्धक होते.

दोन दिवसांनी कामावर आलो, तेव्हा फाटकावर मामाच होते. त्यांनी गाडीजवळ येऊन पदक हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "साहेब, पाण्यात मीठ घातलं होतं ना?" आम्ही होय म्हटले. "मग ठीक," असे म्हणून त्यांनी पदक परत दिले आणि पाळी संपल्याने ते सावलीकडे गेले.

विश्वस्त मंडळास एवढीच विनंती की, धुलाईघर, स्वयंपाकघर आणि गच्चीवरील टाक्यांची कामे अद्याप या व्यवस्थेत आलेली नाहीत. येत्या उन्हाळ्यापूर्वी ती यावीत, यासाठी अंदाजपत्रकात तरतूद प्रस्तावित केली आहे. आपण ती मंजूर कराल असा विश्वास वाटतो.