उद्या बनवणारे उठून गेले तर?

लखनौहून बोलतोय. इथे येऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे मध्येच हिंदी शब्द आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय असा की एखादं फ्रेमवर्क दहा वर्षं टिकेल का, आणि त्याचं लायसन्स आपल्याला कुठे अडकवेल, हे आधी कसं ओळखायचं. थिअरी पुस्तकात मिळेल. मी एका दुकानाची गोष्ट सांगतो, कारण तिथे मी एकदा चुकलोय आणि आता त्याच दुकानाचं काम पुन्हा हातात आलंय.

जे प्रोग्रॅमिंगवाले नाहीत त्यांच्यासाठी एक वाक्य. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, कोणाला काय दिसावं याचे नियम, छपाई हे सगळं आधीच बांधलेलं असतं. आपण त्यात गिऱ्हाइकाच्या गरजेच्या भिंती घालायच्या.

दुकान आहे चौकात, चिकनच्या कपड्याचं. (पुण्यात एकाने मला खरंच विचारलं होतं की कोंबडीच्या दुकानाला एवढं सॉफ्टवेअर कशाला. चिकन म्हणजे इथलं भरतकाम.) कापड आधी बेतून कापतात, लाकडी ठशांनी त्यावर नक्षी छापतात, मग गठ्ठे बांधून काकोरी, मलिहाबादकडच्या गावांतल्या बायकांकडे जातात. भरून परत यायला कधी महिने लागतात. मग धोब्याकडे छापाचा रंग निघतो, इस्त्री होते आणि कुर्ता दुकानात लागतो. कोणाला किती नग दिले, किती परत आले, आगाऊ किती दिले, हा हिशेब म्हणजे त्या धंद्याचा कणा. शे-दीडशे बायकांची मजुरी त्यावर चालते.

२०१६ साली मी इथल्या एका छोट्या कंपनीत होतो. या दुकानाचा प्रोग्रॅम आम्ही केला. पडद्यावरचे तक्ते दाखवायला एक विकतचं तयार कम्पोनंट वापरलं. नाव घेत नाही. त्याचं लायसन्स दर प्रोग्रॅमरमागे आणि दर वर्षी नवं करायचं. करारपत्र मी वाचलं नव्हतं. खाली जाऊन ‘मान्य आहे’ वर टिचकी मारली, तुम्ही मारता तशीच. पुढे आमच्या कंपनीने पैसे वाचवायला लायसन्स नवं केलं नाही. चालू प्रोग्रॅम चालत राहिला, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलं बदलायची होती. तेव्हा कळलं की बदल करायला चालू लायसन्स लागतं, ते कम्पोनंट बनवणारी कंपनी दुसऱ्या कोणी तरी विकत घेतलेली आहे, आमची आवृत्ती ते आता विकत नाहीत, आणि नवी आवृत्ती घेतली तर सगळे तक्ते नव्याने लिहायचे. सात आठवडे गेले. बिलं हाताने निघाली, ते एक वेळ ठीक. पण कारागिरांचा हिशेब त्याच प्रोग्रॅममध्ये गुंफलेला. शनिवारी मजुरीला आलेल्या बायकांना दोनदा ‘अगले हफ़्ते’ ऐकून परत जावं लागलं. बसने आलेल्या होत्या त्या, भाडं घालून. व्यापारी माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी कपाटातून लाल कापडाची वही काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ‘इंजीनियर साहब, इसका लाइसेंस कभी ख़त्म नहीं हुआ.’

आता त्यांना सगळं नव्याने करायचंय आणि बोलावणं मलाच आलं. यावेळी माझ्या मनात आहे फ्रॅपे. मुंबईची कंपनी, रुषभ मेहतांनी २००८ मध्ये सुरू केलेली. त्यांचं फ्रॅपे फ्रेमवर्क आणि त्यावर उभं राहिलेलं ईआरपीनेक्स्ट अनेकांना माहीत असेल. आपल्या माणसांचं आहे म्हणून घ्यायचं, हे कारण मी स्वतःला चालू दिलं नाही. मी एकच प्रश्न धरून बसलो: बनवणारे उद्या उठून गेले, तर शनिवारची मजुरी निघेल का? आणि कायद्यात बसून निघेल का?

लायसन्सपासून सुरुवात. गंमत अशी की एकाच घरात तीन लायसन्सं आहेत. फ्रेमवर्क एमआयटीखाली आहे: घ्या, बदला, विका, फक्त मूळ सूचना काढू नका, आणि काही बिघडलं तर आमच्याकडे येऊ नका. ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली: त्यावर बेतलेलं काही दुसऱ्याच्या हातात दिलंत तर त्याचा सोर्सही द्यायचा. आणि त्यांचं सीआरएम एजीपीएलखाली आहे: बदल करून नुसतं इंटरनेटवरून वापरायला दिलंत, तरी वापरणाऱ्याला सोर्स द्यायचा. म्हणजे ‘फ्रॅपे ओपन सोर्स आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कुठला भाग घेताय त्यावर ठरतं.

आमच्या धंद्यात जीपीएलला लोक घाबरतात. मी म्हणतो, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून बघा. मी दुकानातल्या मशीनवर प्रोग्रॅम बसवून दिला, तर जीपीएल मला सांगतं की सोर्स त्यांना दे. २०१६ मध्ये हा नियम आमच्यावर असता तर? पण तोच प्रोग्रॅम मी माझ्या सर्व्हरवर ठेवून त्यांना फक्त लॉगिन दिलं, तर साधं जीपीएल मला काही द्यायला लावत नाही. ही फट आहे, आणि बरेच जण त्यातूनच धंदा करतात.

पुढची भीती: मालकाने उद्या लायसन्स बदललं तर? बदलतात. टेराफॉर्मवाल्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं. बाहेरच्यांनी दिलेल्या कोडसाठी त्यांनी आधीच करार सही करून घेतले होते, म्हणून त्यांना ते सोपं गेलं. तेव्हा कोड देताना असा करार मागतात का, हे बघायचं. पण दिलेली आवृत्ती त्यांना परत घेता येत नाही. शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून लोकांनी ओपनटोफू उभं केलं. इथे कैसरबागेत भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे, १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालेलं. घराण्यांच्या पोटात राहिलेल्या बंदिशी भातखंड्यांनी स्वरलिपीत बसवून क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. छापून गेलेलं पान कुठल्या उस्तादाला परत मागता येणार? जुन्या आवृत्तीचं तसंच आहे. तिची एक प्रत आपल्या जवळ, आपल्या डिस्कवर ठेवायची, एवढं काम मात्र आपलं.

नाव ही वेगळी गोष्ट, हे विसरतात. कोड जीपीएल असला तरी ईआरपीनेक्स्ट हे नाव त्यांचं आहे. त्या नावाने मी पाटी लावू शकत नाही.

मग सांगाड्याखालचा पाया. फ्रॅपेला डेटा ठेवायला मारियाडीबी लागतं, आणि मधल्या साठवणीला व रांगेतल्या कामांना रेडिस. मार्च २०२४ मध्ये रेडिसने आपलं बीएसडी लायसन्स सोडलं. काही दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हाल्की हा जुना कोड घेऊन निघालेला पर्याय उभा राहिला, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचाही पर्याय देऊ केला. आमच्या दुकानाला याचा धक्का बसण्याचं कारण नाही, कारण आम्ही रेडिस विकत नाही, फक्त वापरतो. पण मी फ्रॅपेचं लायसन्स वाचून थांबलो असतो तर हे मला दिसलंच नसतं.

लायसन्स उत्तम असूनही माणसं निघून जातात, त्याचं काय? अँग्युलरजेएस एमआयटीखाली होतं, मागे गूगल. २०१६ मध्ये त्याच नावाने नवीनच लिहिलेली दुसरी आवृत्ती आली, जुन्या कोडशी न जुळणारी, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला जुन्याची देखभाल थांबली. कोड आजही कोणीही वापरू शकतो. त्यातली भोकं बुजवणार कोण? म्हणून मी पगार कुठून येतो ते बघतो. फ्रॅपे होस्टिंग आणि सपोर्ट विकते. झिरोधाच्या रेनमॅटरने त्यात पैसे घातलेत, आणि झिरोधा स्वतः ईआरपीनेक्स्ट वापरते. स्वतःचा हिशेब ज्यावर चालतो ते सहसा कोणी सोडून देत नाही. मला हे जाहिरातीपेक्षा जास्त पटतं.

तरी खर्च आहेच. चौदाव्या आवृत्तीत त्यांनी पगार-हजेरीचा एचआर भाग ईआरपीनेक्स्टमधून काढून वेगळं ॲप केलं. निर्णय शहाणपणाचा, पण अपग्रेड करणाऱ्याला काम लागलं. म्हणून कारागिरांचा हिशेब मी त्यांच्या एचआरवर बांधत नाही. तो नुसत्या फ्रेमवर्कवर, माझ्या वेगळ्या ॲपमध्ये. ईआरपीनेक्स्ट फक्त बिलं आणि खातेवहीसाठी.

मग मी एक उद्योग केला. नमुना हिशेब भरला, फ्रॅपे पूर्ण बंद केलं आणि नुसत्या मारियाडीबीत शिरलो. प्रत्येक फॉर्मचं एक टेबल असतं, फॉर्मच्याच नावाचं, पुढे ‘टॅब’ हा उपसर्ग. साध्या क्वेरीने बाई, नग, तारीख, रक्कम सगळं बाहेर आलं, एक्सेलमध्ये पडलं. छपाईचे नमुने आणि नियम अर्थातच आले नाहीत. पण शनिवार निघाला असता.

व्यापाऱ्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘और आप कल पूना लौट गए तो?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इतका वेळ मी मुंबईचे लोक उठून गेले तर काय, हे बघत होतो. म्हणून इथल्या एका कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला कोड दिला, वर एक पानाची माहिती, आणि सांगितलं: धोब्याकडे गेलेल्या नगांसाठी एक रकाना वाढव. मला वाटलं, दुपारपर्यंत होईल. त्याला दोन दिवस लागले. फ्रॅपे त्याला तासाभरात समजलं होतं. अडला तो माझ्यापाशी. कोडमधल्या सूचना मी मराठीत लिहिल्या होत्या. लिपी त्याला वाचता येत होती, पण ‘उचल’ म्हणजे आगाऊ दिलेली मजुरी, हे त्याला कसं कळावं? तो ‘उठाना’ समजून गठ्ठे कोण उचलतं ते शोधत बसला होता.

आता तिथे ‘पेशगी’ लिहिलंय. कोड व्यापाऱ्यांच्या नावाच्या खात्यात आहे, जीपीएलखाली, आणि पासवर्ड त्यांच्या मुलाकडे. त्या मुलाला महिन्यातून एक दिवस बोलवायचं, त्याचे पैसे दुकान देईल, हे करारात घातलंय. लाल वही ३१ मार्चपर्यंत बरोबरीने चालू राहील. ही अट त्यांची, आणि मी वाद घातला नाही.