काळ ओलांडणारी प्रेमकथा


आज एक कादंबरी.
डायना गॅबल्डन यांची ‘आउटलँडर’, 1991 सालची.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय.
युद्धात परिचारिका असलेली क्लेअर स्कॉटलंडला आलीय.
तिथे ती एका प्राचीन उभ्या शिळेला हात लावते…
आणि सुमारे दोनशे वर्षं मागे जाते!

तिला जेमी भेटतो.
स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँडचा तरुण योद्धा.
हळूहळू प्रेम फुलतं.

पण क्लेअरला इतिहास ठाऊक आहे.
1746 साली, कलोडनच्या माळावर,
राजाविरुद्ध उठलेल्या जेकोबाइट बंडखोरांचा पराभव होणार.
हायलँडची माणसं मरणार.

खरी गोडी इथेच आहे, श्रोतेहो.
पुढचं ठाऊक आहे,
तरी ती जीव लावते.

तिची औषधी वनस्पतींची जाण तर फार सुरेख रंगवलीय.
काही प्रसंग मात्र क्रूर आहेत.
म्हणून ही कादंबरी प्रौढांनीच वाचावी.
जाडजूड आहे,
रोज थोडी थोडी वाचा.