फड पेटवण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे. पण बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

पहिल्या रांगेत बसलेले आमचे सर, बाई, आणि 1979 च्या दहावीच्या तुकडीतल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

माझ्या आधी दोघं फुटबॉलवर बोलले. शिवाजी पेठेत फुटबॉलनंतर शेतीवर बोलायला उभं राहायचं म्हणजे पंगत उठल्यावर मीठ वाढायला येण्यासारखं आहे. पण संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत आणि दारं लावून घेतली आहेत, तेव्हा ऐका.

आठवीत असताना सायन्सच्या सरांनी आपल्याला चुन्याच्या निवळीत काचेच्या नळीनं फुंकायला लावलं होतं. निवळी दुधासारखी पांढरी झाली. सर म्हणाले, हा कार्बन डायऑक्साइड. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा विडी ओढतो म्हणून झाली." तो आवाज कुणाचा ते मी सांगत नाही, तो आज सभागृहात आहे आणि आजोबा झाला आहे. पण ती निवळी माझ्या डोक्यात राहिली, आणि मला ती परत आठवली 2018 च्या फेब्रुवारीत, स्वतःच्या शेताच्या बांधावर.

आपल्यातल्या पुष्कळांची तऱ्हा एकच आहे. घर पेठेत, शेत गावाकडं. माझं दोन एकर करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. नोकरी बँकेतली, तीही पुण्यात. शेत वाटेकऱ्याकडं. वर्षातून एकदा त्याचा फोन यायचा, "मालक, ऊस गेला. पाला पेटवू का?" मी म्हणायचो, "पेटव." संपला फोन. असे वीसेक फोन मी आयुष्यात घेतले असतील. पाल्यात काय असतं, त्यातलं काय जातं, याचा एकदाही विचार केला नाही.

2017 ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन परत आलो. पुढच्या फेब्रुवारीत ऊस तुटून गेला आणि दुपारी दोन वाजता आम्ही पाला पेटवला. दुपारी दोनला पेटवायचा नसतो हे आठवीतल्या पोरालाही कळतं, पण मी मालक होतो आणि मला घाई होती. वारं फिरलं. आग बांध ओलांडून शेजारच्या काकांच्या उभ्या उसात शिरली. तो काय आवाज असतो, ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. फटाक्यांची माळ लावल्यासारखी कांडी फुटत जातात. माणूस, जनावर कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. जळका ऊस कारखान्याला कपात लागून गेला आणि फरकाचे पैसे मी भरले. काका एकच वाक्य बोलले, "तुझ्या आजानं हे केलं नसतं." आजोबांच्या काळी गुऱ्हाळ होतं. चिपाड चुलवाणात जायचं, वाडं म्हशीला, पाला छपराला आणि गोठ्यात, राख आणि शेण परत शेतात. तेव्हा पेटवायला उरायचंच काय?

त्यानंतर मी वाचायला लागलो. हिशेब सांगतो, बँकेतला माणूस आहे. एक एकर उसाचा पाला म्हणजे पाचट, वाळलेलं तीन ते चार टन निघतं. त्यात साधारण पंधरा किलो नत्र असतं. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 21 किलो नत्र येतं. म्हणजे काडी लावली की एकरी पाऊण पोतं युरिया धुरातून जातो. पालाश राखेत राहतं, नत्र राहत नाही. आणि आठवड्याभरानं आपणच दुकानात जाऊन युरिया आणतो. तो युरिया नैसर्गिक वायू वापरून केलेला असतो, आणि शेतात टाकला की त्यातला निम्म्याहून कमी उसाला लागतो. उरलेल्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या 270 पट तापवणारा आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणानं सांगितली पाहिजे, नाहीतर सर मला उभं करतील. पाला जळून जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पुढचा ऊस परत ओढून घेतो. पाला कुजवला तरी त्यातला बराचसा कार्बन हवेत जातोच. फरक पडतो तो बाकीच्या गोष्टींनी. जाळण्यातून मिथेन आणि काजळी निघते ती टळते, युरिया थोडा कमी लागतो, आणि कार्बनचा एक छोटा हिस्सा वर्षानुवर्षं जमिनीत साठत राहतो. ज्या जमिनीत तो साठतो ती भुसभुशीत होते, पाणी धरते. यालाच सेंद्रिय कर्ब म्हणतात आणि माती परीक्षणात आपल्या बहुतेकांचा तोच आकडा कमी येतो.

2019 चा ऑगस्ट कुणी विसरणार नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. नदीला पूर आणि नळाला पाणी नाही, अशी शहराची गत झाली होती. पेठ उंचावर म्हणून आपण वाचलो आणि खालच्या भागातली माणसं आपल्याकडं आली. आपल्यातल्या कित्येकांनी रात्रभर भाकरी थापल्या. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, जिनिव्हात आयपीसीसीचा जमीन आणि हवामान बदल यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलं आहे की माणसामुळं हवेत जाणाऱ्या तापवणाऱ्या वायूंपैकी 21 ते 37 टक्के वायू अन्न पिकवणं, वाहून नेणं, शिजवणं या साखळीतून येतात, आणि जगात पिकवलेल्या अन्नातलं 25 ते 30 टक्के वाया जातं. मी हे नंतर वाचलं. त्या दिवशी माझा ऊस शेंड्यासकट पाण्याखाली होता.

आता कुणी म्हणेल, पाला कुजवला असतास तर पूर आला नसता का? आला असता. मी त्या वर्षी पाला जाळला नव्हता, तरी माझा ऊस कुजला आणि जाळणाऱ्याचाही कुजला. शेंड्यावर आठ दिवस पाणी राहिलं की पुराला सेंद्रिय-रासायनिक कळत नाही. 2021 ला पुन्हा तेच झालं. एका शेतकऱ्यानं एका सरीत काय केलं यावर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायचे थांबत नाहीत.

मग फायदा दिसला कुठं? 2023 च्या जूनमध्ये. पाऊस लांबला, ऑगस्टही कोरडा गेला. आच्छादन असलेल्या खोडव्याला मी अठराव्या दिवशी पाणी देत होतो, शेजारी दहाव्या-बाराव्या दिवशी. आणि ओंजळभर माती उचलली की गांडूळ हाताला लागत होतं. माझ्या लहानपणी लागायचं तसं.

हे पहिल्या वर्षी जमलं असं समजू नका. पहिल्या खोडव्यात मी पाला तसाच पसरून ठेवला. बुडख्यांवर ढीग बसले, कोंब पिवळे पडले, उंदीर झाले, आणि उगवण इतकी विरळ की गावात माझ्या शेताला 'बँकवाल्याचं टक्कल' म्हणायला लागले. मग कृषी विद्यापीठाची शिफारस नीट वाचली. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटायचे, वरचा पाला ओढून सरीत दाबायचा, त्यावर एकरी साधारण 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी सोडायचं. युरिया पूर्ण सुटला नाही, हे लक्षात आलं असेलच. कोल्हापूरचेच कृषी पदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर विना नांगरणी शेतीवर वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. पिकाची मुळं-बुडखे उपटायचे नाहीत, जागच्या जागी कुजू द्यायचे, हे त्यांचं म्हणणं वाचून मी नांगरटही कमी केली.

पण माझ्या भाषणाचा खरा मुद्दा वेगळाच आहे. मी वाटेकऱ्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, "यंदापासून पेटवायचं नाही." तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मालक, हवामान तुमचं, कंबर माझी."

खरं होतं ते. काडीला एक रुपया लागतो. पाला सरीत ओढायला एकराला चार-पाच माणसं, आणि फेब्रुवारीत माणूस मिळत नाही. पाल्यात हात घालायचा म्हणजे सापाची भीती, उसाची पात हात कापते ती वेगळी. तोडणीची टोळी वेळेवर येत नाही, हंगाम संपत आला की माणूस घाबरून उभा फडच पेटवतो. त्याला 'पर्यावरण' सांगणारे आपण कोण? आपण तर फोनवर 'पेटव' म्हणणारे.

म्हणून मी करार बदलला. पाला दाबण्याची मजुरी सगळी माझी, उत्पन्न पूर्वीसारखंच निम्मं. पाला कुट्टी करायचं यंत्र भाड्यानं आणलं तर भाडंही माझं. पहिल्या दोन वर्षांत मला तोटा झाला, तिसऱ्या वर्षापासून खताचा आणि पाण्याचा खर्च उतरला. आता तो स्वतःच काडी लावू देत नाही. गेल्या वर्षी बांधावर विडी ओढणाऱ्या पाहुण्याला त्यानं हाकललं.

या सभागृहात गावाकडं ऊस असलेले किती आहेत? हात वर करा. बघा, निम्मे आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांना येत्या दोन महिन्यांत तो फोन येणार आहे. नुसतं "पेटवू नको" म्हणू नका, तेही फुकटच आहे. मजुरीचं काय ते आधी बोला.

ज्यांच्याकडं शेत नाही त्यांनी नाराज होऊ नका. तांबडा-पांढरा सोडा असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात असं बोलून कुणी घरी सुखरूप पोचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण मुलांच्या लग्नात सतरा पदार्थ मांडून ताटं भरून टाकलेली मीही पाहिली आहेत, माझ्याच घरच्या लग्नात. आणि हरभरा, मूग, चवळी जास्त खाल्ली तर उसाच्या मध्ये एखादं कडधान्य घ्यायला माझ्यासारख्याला गिऱ्हाईक तरी मिळेल. कडधान्याच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, तो धडा सरांनी नववीत घेतला होता. तेव्हा आपली मॅच होती, म्हणून अर्धा वर्ग गैरहजर होता.

घंटा वाजली, चहा तयार आहे असं दिसतंय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी माझा ऊस तुटलेला असेल. ज्यांना पाला दाबायचं काम बघायचंय त्यांनी सकाळी सात वाजता निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी जमायचं. जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून या. दुपारी शेतावर झुणका-भाकरी आणि ताक आहे. सर, तुमच्यासाठी गाडी घरी पाठवतो, आणि येताना मी चुन्याची निवळीही आणणार आहे.